एका नावात दोन माणसं : व्हेरिएबलची नावं आणि अ‍ॅरेचा इतिहास

या मालेतल्या भाषणांखाली काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यातला एक असा असतो : ‘सर, मला लूपमध्ये प१, प२, प३ अशी शंभर व्हेरिएबल आपोआप तयार करायची आहेत. नावातला आकडा लूप फिरेल तसा बदलायला हवा. कसं करू?’ इंदूरहून येतो, बडोद्याहून येतो, बेळगावहून येतो. त्यावर जाणकारांचं उत्तर ठरलेलं असतं : ‘असं करू नका, अ‍ॅरे वापरा.’ उत्तर बरोबरच आहे. पण विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, कारण ‘का करू नये’ हे त्याला कुणी सांगत नाही. आणि असा प्रश्न मुळात माणसाला का पडतो, हे तर कुणीच सांगत नाही.

मला हे कारण पुस्तकातून कळलं नाही. ते १५० रुपयांच्या एका तक्रारीतून कळलं. आधी ती तक्रार सांगतो, मग इतिहासाकडे जाऊ, आणि शेवटी पुन्हा तिच्याकडे येऊ.

१९९० नंतरची दोन-तीन वर्षं मी इंदूरमध्ये छोट्या पेढ्यांची हिशेबाची कामं कॉम्प्युटरवर करून देत असे. एका पेढीवर दहा माणसं होती. वर्षभराच्या पगाराचा तक्ता छापायचा, प्रत्येकाच्या नावापुढे एप्रिल ते मार्च असे बारा रकाने, शेवटी बेरीज, आणि बेरजेचा बारावा हिस्सा म्हणजे दिवाळीचा बोनस. प्रोग्रॅम मी लिहिला. तो दोन वर्षं बिनचूक चालला. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी पेढीवरचे सगळ्यात जुने कर्मचारी, हजेरीपटावर ज्यांचा क्रमांक पहिला, ते काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पगार महिना ९०० रुपये. बोनस ९०० यायचा तो ७५० आला होता. त्यांनी लांबलचक कागद उलगडून बोट ठेवलं आणि विचारलं, ‘बाळ, माझे दोन महिने कुठं गेले?’ त्यांच्या ओळीत फेब्रुवारी आणि मार्च या दोन्ही रकान्यांत शून्य छापलेलं होतं.

बाकी सगळ्यांचे आकडे बरोबर होते. मी प्रोग्रॅमला हातही लावला नव्हता. मग काकांचेच दोन महिने का गेले? याचं उत्तर शोधायचं तर नावं आणि क्रमांक यांच्या जुन्या भांडणाकडे जावं लागतं.

एका गोष्टीला नाव देणं सोपं असतं. दोन गोष्टींनाही देता येतं. अडचण सुरू होते ती ‘कितीही’ गोष्टी असतात तेव्हा. आपल्याकडच्या गणितज्ञांना ही अडचण फार लवकर भेटली. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला, तेव्हाच अनेक अव्यक्तं असलेली समीकरणं त्याच्यासमोर होती. अव्यक्त म्हणजे ज्याची किंमत काढायची ती राशी. एकापेक्षा जास्त अव्यक्तांना आपल्याकडे ‘वर्ण’ म्हणत, आणि वर्ण म्हणजे रंग. पुढे भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या ‘बीजगणित’ या भागात ही पद्धत पूर्ण रुळलेली दिसते. पहिलं अव्यक्त ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितकं तितकं’. दुसरं कालक, तिसरं नीलक, चौथं पीतक, पाचवं लोहितक. लिहिताना पहिलं अक्षर पुरे : या, का, नी, पी, लो. जी राशी माहीत आहे तिच्यापुढे ‘रू’, म्हणजे रूप.

या भास्कराचार्यांशी महाराष्ट्राचा धागा अगदी दगडावर कोरलेला आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख तिथे आहे, साधारण १२०७ सालचा. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला.

आता रंगांच्या या पद्धतीकडे प्रोग्रॅमरच्या नजरेने पाहा. अव्यक्तं तीन-चार असतील तर ती छान आहे. रंग डोळ्यांसमोर येतो, गोंधळ होत नाही. पण मी तुम्हाला विचारलं, ‘नीलकाच्या पुढचा कोण?’ तर उत्तर ‘नीलक’ या शब्दात कुठेच नाही. ते पाठ असावं लागतं. ‘सतरावा रंग कोणता?’ म्हटलं तर बसा आठवत. आणि ‘न-वा रंग’, म्हणजे कुठलाही एक, कितवा ते नंतर ठरवू, असं तर या भाषेत म्हणताच येत नाही. नाव ओळख देतं, क्रम देत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आजचा सगळा विषय याच एका वाक्याभोवती फिरतो.

चीनमध्ये याच प्रश्नाला अगदी उलट उत्तर दिलं गेलं. ‘गणिताचे नऊ अध्याय’ हा तिथला प्राचीन ग्रंथ आहे आणि त्यावर लिऊ हुई याने २६३ साली टीका लिहिली. आठव्या अध्यायात धान्याचं उदाहरण येतं : चांगल्या, मध्यम आणि हलक्या प्रतीच्या पिकाच्या इतक्या-इतक्या पेंढ्यांतून इतकं धान्य मिळतं, तर एका पेंढीत किती? तिथे अव्यक्तांना नावच देत नाहीत. फळीवर मोजणीच्या काड्या मांडतात. प्रत्येक समीकरणाचा एक उभा रकाना. वरच्या घरातली काडी चांगल्या प्रतीची, त्याखालची मध्यम, त्याखालची हलक्या. काडी काय सांगते हे ती कुठल्या घरात आहे यावरून ठरतं. मग एका रकान्यातून दुसरा वजा करत करत उत्तर काढायचं. आज कॉलेजात मॅट्रिक्सच्या तासाला आपण जवळपास हीच रीत शिकतो. नाव नाही, फक्त जागा.

म्हणजे एका बाजूला रंग, दुसऱ्या बाजूला घरं. या दोन्हींना जोडणारी युक्ती जर्मनीच्या लाइब्निझला सुचली. १६९३ मध्ये फ्रेंच गणितज्ञ लोपिताल यांना लिहिलेल्या पत्रात त्याने समीकरणातल्या सहगुणकांसाठी अक्षरांऐवजी आकडेच वापरले. पहिल्या समीकरणात १०, ११, १२. दुसऱ्यात २०, २१, २२. तिसऱ्यात ३०, ३१, ३२. इथे ११ म्हणजे अकरा नव्हे. पहिला आकडा कितवं समीकरण ते सांगतो आणि दुसरा त्यातली कितवी जागा ते. नाव पाहिलं की पत्ता कळतो, आणि पत्ता माहीत असला की नाव लिहिता येतं. पाठांतराची गरजच उरली नाही.

पण लाइब्निझच्या युक्तीत एक फट आहे. समीकरणं तीनच आहेत तोवर ती दिसत नाही. समजा अकरा समीकरणं आहेत आणि कागदावर १११ असं लिहिलंय. हे पहिल्या समीकरणातलं अकरावं घर की अकराव्या समीकरणातलं पहिलं घर? कळायला मार्ग नाही. म्हणून आज आपण अक्षराच्या पायाशी दोन आकडे लिहितो तेव्हा गरज पडली तर मध्ये स्वल्पविराम देतो. तो स्वल्पविराम शोभेचा नाही. काकांचे दोन महिने त्यातच अडकले होते. पण ते नंतर.

आता यंत्रांकडे येऊ. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या एडसॅक या यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्रॅम चालवला आणि वर्गसंख्यांचा तक्ता छापला. या यंत्राच्या मेमरीत नावं नव्हतीच. होती ती नुसती क्रमांकित घरं, टपाल खात्याच्या पेटीत असतात तशी. ‘शंभराव्या घरातली संख्या घे आणि मिळव’ अशी आज्ञा द्यायची. पण ओळीने पन्नास घरांतल्या संख्यांची बेरीज करायची तर? पन्नास वेगळ्या आज्ञा लिहायच्या का? तेवढी मेमरी कुणाकडे होती! मग प्रोग्रॅमर असं करत की लूपच्या प्रत्येक फेरीत प्रोग्रॅम स्वतःचीच आज्ञा बदलायचा. आज्ञासुद्धा शेवटी मेमरीतला एक आकडाच असते. तिच्यात एक मिळवला की ‘शंभरावं घर’ या शब्दांच्या जागी ‘एकशे एकावं घर’ येतं. चालता चालता प्रोग्रॅमने आपलाच मजकूर खोडून नवा लिहायचा.

लूपमध्ये नावं तयार करणारा आजचा विद्यार्थी नकळत हेच करत असतो. प्रत्येक फेरीत प्रोग्रॅमचा मजकूर नव्याने घडवायचा आणि तो यंत्राकडून चालवून घ्यायचा. १९४९ मध्ये दुसरा इलाज नव्हता. पण त्यातला धोका तेव्हाच्या लोकांनाही दिसत होता : कागदावर लिहिलेला प्रोग्रॅम एक आणि प्रत्यक्ष चालणारा दुसरा. चूक शोधायची कुठे?

इलाज मँचेस्टरमध्ये निघाला. तिथल्या मार्क वन या यंत्रात, त्याच सुमारास, एक जादा नळी बसवली गेली. बेरजेच्या नळीला ए आणि नियंत्रणाच्या नळीला सी हे अक्षर आधीच दिलेलं असल्यामुळे हिला बी म्हणू लागले. आज्ञेतल्या क्रमांकात बी नळीतली संख्या आपोआप मिसळायची. आज्ञा जशीच्या तशी राहते, ‘शंभर अधिक बी’. लूपमध्ये फक्त बी बदलतो. शून्य, एक, दोन, तीन. पुढे याला इंडेक्स रजिस्टर म्हणू लागले आणि ते जवळपास सगळ्या यंत्रांत आलं. मजकूर स्थिर, आकडा चल. अ‍ॅरेचं मर्म एवढंच आहे. आजच्या अ‍ॅरेत चौकोनी कंसात तुम्ही जो क्रमांक लिहिता, तो या बी नळीचाच वारस.

१९५७ मध्ये आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान ही भाषा दिली. तिच्यात ‘डायमेन्शन’ असा शब्द लिहून आधीच सांगून ठेवायचं की या नावाची इतकी घरं हवीत. मग नाव एकच, आणि कंसात क्रमांक. क्रमांक दोन असतील तर मध्ये स्वल्पविराम. गणितात पायाशी लिहिला जाणारा आकडा कंसात आला. भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने त्या क्रमांकांचं रूपांतर इंडेक्स रजिस्टरमधल्या हिशेबात करायचं. बॅकस यांच्या गटाचे कष्ट मोठ्या प्रमाणात याच कामात गेले. हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅमइतका वेग मिळाला नाही तर कुणी ही भाषा वापरणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आपल्या देशातही हे सगळं फार उशिरा आलं असं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेलं टिफ्रॅक हे यंत्र १९६० मध्ये पूर्ण झालं. त्याची मेमरी २०४८ शब्दांची. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० आलं आणि तिथे विद्यार्थ्यांच्या पिढ्या फोरट्रान शिकल्या. म्हणजे कंसातला क्रमांक आपल्याकडे साठ वर्षांहून जुना आहे.

मग नावात आकडा चिकटवायची सवय आली कुठून? एक वाट बेसिकमधून आली. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी ही भाषा सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी बनवली. तिच्यात व्हेरिएबलचं नाव म्हणजे एक अक्षर, किंवा एक अक्षर आणि त्याला चिकटून एक अंक. सव्वीस अक्षरं, प्रत्येकाची अकरा रूपं, म्हणजे एकूण २८६ नावं. त्याच भाषेत अ‍ॅरेही होता आणि तिथे आकडा कंसात यायचा. त्यामुळे ‘ए१’ आणि ‘ए कंसात १’ ही दोन वेगळी व्हेरिएबल झाली. दिसायला सख्खे भाऊ, प्रत्यक्षात नातं काहीच नाही. पहिल्यातला १ हे निव्वळ अक्षर आहे. माणसाच्या नावात ‘पंचम’ असावं तसं. त्यावरून तो पाचवा मुलगा ठरत नाही. दुसऱ्यातला १ ही खरी संख्या आहे. तिच्यात मिळवता येतं, तिला गुणता येतं. शाळेतल्या मुलांना हा फरक कळायला वेळ लागायचा. मोठ्यांनाही लागतो.

दुसरी वाट बेल लॅब्जमधून आली, आणि ती जास्त गमतीची आहे. तिथे फार्बर, ग्रिसवोल्ड आणि पोलोन्स्की या तिघांनी १९६२ च्या सुमारास मजकुरावर काम करणारी स्नोबॉल नावाची भाषा तयार केली. तिच्यात फक्त मजकूरच ठेवता यायचा. अ‍ॅरे नव्हताच. पण एक चिन्ह होतं, डॉलरचं. ते मजकुरापुढे लावलं की तो मजकूरच व्हेरिएबलचं नाव बनायचा. ‘घर’ आणि ‘५’ जोडा, डॉलर लावा, की ‘घर५’ नावाचं व्हेरिएबल जन्माला आलं. अ‍ॅरेची उणीव लोक अशी भरून काढू लागले. म्हणजे आज ज्याला आपण वाईट सवय म्हणतो, ती एका काळी गरज होती. पुढे त्याच मंडळींनी स्नोबॉल-४ बनवली तेव्हा तिच्यात अ‍ॅरेही दिला आणि ‘टेबल’ही दिलं. टेबल म्हणजे क्रमांकाऐवजी शब्द देऊन घर शोधायची सोय. ऑक या भाषेने ती कल्पना उचलली, आणि पायथनमधली डिक्शनरी याच कुळातली. नावं तयार करण्याचा सगळ्यात मोठा अनुभव ज्यांच्या गाठीशी होता, त्यांनीच त्याहून बरी सोय बांधून दिली.

आता इंदूरला परत येऊ. तेव्हा आपल्याकडे गल्लोगल्लीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये डीबेस थ्री प्लस शिकवत. बँका, पतसंस्था, दुकानं, सगळीकडे तेच. हिशेबाच्या फाइली ठेवायला ते उत्तम होतं. पण त्यात अ‍ॅरे नव्हता. त्याऐवजी अ‍ॅम्परसँड हे चिन्ह होतं, स्नोबॉलच्या डॉलरसारखं. मजकुराच्या व्हेरिएबलपुढे ते लावलं की आतला मजकूर जणू प्रोग्रॅममध्येच टाइप केल्यासारखा वागायचा. क्लासमध्ये ही ‘मॅक्रोची युक्ती’ म्हणून शिकवली जायची आणि ज्याला ती जमली तो वर्गात हुशार ठरायचा. मीही ठरलो होतो.

पगाराच्या तक्त्यासाठी मी तीच वापरली. नावाचं अक्षर ‘प’, त्याला कर्मचाऱ्याचा क्रमांक जोडायचा, त्याला महिन्याचा क्रमांक जोडायचा. एप्रिल पहिला, मार्च बारावा. तिसऱ्या कर्मचाऱ्याचा पाचवा महिना म्हणजे प३५. दहाव्याचा बारावा म्हणजे प१०१२. दोन वर्षं माणसं दहाच होती. त्या वर्षी जूनमध्ये पेढीवर अकरावा माणूस लागला.

कागदावर मांडून बघा. पहिल्या कर्मचाऱ्याचा अकरावा महिना : प, १, ११. नाव झालं प१११. अकराव्या कर्मचाऱ्याचा पहिला महिना : प, ११, १. नाव झालं प१११. तसंच पहिल्याचा बारावा आणि अकराव्याचा दुसरा, दोघांचं नाव प११२. नवा माणूस जूनमध्ये लागलेला, म्हणून त्याच्या एप्रिल-मेच्या घरांत शून्य. लूप पहिल्या क्रमांकापासून सुरू व्हायचा. काकांचे फेब्रुवारी-मार्च आधी बरोबर भरले जायचे, आणि अकराव्याची पाळी आली की त्यांच्यावर शून्य लिहिलं जायचं. कुठे तक्रार नाही, चुकीचा संदेश नाही. यंत्राच्या दृष्टीने काही बिघडलंच नव्हतं. एका नावात दोन माणसं राहत होती, एवढंच.

हे शोधायला मला दोन रात्री लागल्या, आणि त्याचं कारण महत्त्वाचं आहे. बेरजेच्या वेळी प१११ मध्ये शून्य असतं हे पहिल्याच रात्री दिसलं. मग मी प्रोग्रॅमची छापील प्रत घेऊन बसलो आणि प१११ कुठे लिहिलंय ते शोधू लागलो. ते कुठेच नव्हतं. असणार कसं? ते नाव प्रोग्रॅममध्ये मी लिहिलंच नव्हतं. ते चालताना घडत होतं आणि चालून झालं की नाहीसं होत होतं. एडसॅकच्या काळातला तोच धोका : कागदावरचा प्रोग्रॅम एक, चालणारा दुसरा.

अ‍ॅरेत असं का होत नाही, तेही पाहू. अ‍ॅरे क्रमांकांचा मजकूर जोडत नाही, हिशेब करतो. बारा रकान्यांचा तक्ता असेल तर घराचा क्रमांक असा निघतो : कर्मचारी क्रमांकातून एक वजा करा, बाराने गुणा, महिना मिळवा. पहिल्याचा अकरावा महिना : शून्य गुणिले बारा, अधिक अकरा, म्हणजे ११ वं घर. अकराव्याचा पहिला महिना : दहा गुणिले बारा, अधिक एक, म्हणजे १२१ वं घर. महिना एक ते बारा यांतच राहील तोवर दोन वेगळ्या जोड्यांना एकच घर मिळणं अशक्य आहे. चिकटवण्यात माहिती हरवते, गुणाकार-बेरजेत ती टिकते. शिवाय तेराव्या महिन्याचं घर मागितलं, तर तक्त्याची मापं माहीत असलेली भाषा तुम्हाला तिथेच अडवू शकते. नावं घडवणारी युक्ती तेराव्या महिन्याचंही नाव मुकाट्याने घडवून देते.

वेगाचाही मुद्दा आहे. प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं नाव भाषांतर होतानाच मेमरीतल्या जागेत बदलून ठेवता येतं. चालताना घडणारं नाव दर फेरीला मजकूर म्हणून वाचावं लागतं, नावांच्या यादीत शोधावं लागतं. आणि डीबेस थ्री प्लसमध्ये एका वेळी २५६ व्हेरिएबलच ठेवता यायची. बारा महिने गुणिले एकवीस माणसं, २५२ झाली. बाविसावा माणूस लागला असता तर माझा प्रोग्रॅम तसाही बंद पडला असता. खरी गंमत ही, की पगाराचे आकडे फाइलमध्ये ओळी-रकान्यांत आधीच नीट मांडलेले होते. सुटसुटीत तक्ता मोडून मी त्याची शंभर सुटी नावं केली होती.

माझी चूक शंभर-दीडशे रुपयांत निभावली. पुढे इंटरनेटच्या काळात हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर झाली. पीएचपी या भाषेत रजिस्टर ग्लोबल्स नावाची एक सोय होती. वेबपानाच्या पत्त्यात पाहुण्याने जे नाव लिहिलं असेल, त्या नावाचं व्हेरिएबल प्रोग्रॅममध्ये आपोआप तयार व्हायचं. फॉर्म भरून घेणाऱ्याला बरं वाटायचं, टाइप करणं वाचलं. पण व्हेरिएबलचं नाव आता प्रोग्रॅमर नव्हे, अनोळखी पाहुणा ठेवत होता. प्रोग्रॅममध्ये ‘अ‍ॅडमिन’ नावाचं व्हेरिएबल असेल आणि त्याला सुरुवातीची किंमत द्यायची राहिली असेल, तर पाहुण्याने पत्त्यातच ‘अ‍ॅडमिन बरोबर १’ लिहायचं आणि मालक व्हायचं. २००२ मध्ये पीएचपी ४.२ पासून ही सोय मुळात बंद ठेवली गेली आणि २०१२ मध्ये ५.४ मध्ये भाषेतूनच काढून टाकली. त्याऐवजी पाहुण्याने पाठवलेलं सामान आता ठरावीक अ‍ॅरेंमध्येच येतं. पाहुण्याचं सामान पाहुण्याच्या खोलीत.

इतरांनीही तेच केलं. पर्लच्या १९९४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘स्ट्रिक्ट’ लिहिलं की मजकुराचं नाव करण्याला मज्जाव. मॅटलॅब तर मॅट्रिक्ससाठीच जन्मलेली भाषा. तरी तिच्यातही लोक लूपमध्ये नावं घडवत, कारण वेगवेगळ्या मापाच्या गोष्टी एका मॅट्रिक्समध्ये मावत नसत. १९९६ च्या पाचव्या आवृत्तीत सेल अ‍ॅरे आणि स्ट्रक्चर आल्यावर ते कारणही संपलं. तिच्या माहितीपुस्तिकेत आज स्पष्ट सल्ला आहे की अशी नावं घडवू नका.

मग नाव वाईट आणि क्रमांक चांगला, असं आहे का? नाही. ज्या गोष्टी एकमेकींपेक्षा खरोखर वेगळ्या आहेत, त्यांना नावंच हवीत. पगार, भत्ता, कपात यांना कुणी १, २, ३ म्हणू लागला तर चार महिन्यांनी त्यालाच कळणार नाही की २ म्हणजे काय. भास्कराचार्यांचे रंग चार अव्यक्तांना शोभून दिसतात ते यामुळेच. ज्या गोष्टी एकाच जातीच्या आहेत आणि ज्यांच्यावरून लूप फिरवायचा आहे, त्यांना एक नाव आणि क्रमांक. आणि ज्या शब्दाने ओळखायच्या आहेत, पण किती असतील ते आधी ठाऊक नाही, जसं गावांची नावं, त्यांच्यासाठी डिक्शनरी. ओळखायची खूण सोपी आहे. नावाच्या शेवटी आकडा चिकटवायचा मोह झाला, की समजायचं, मनात अ‍ॅरे आहे आणि कागदावर तो अजून उतरलेला नाही.

म्हणून असा प्रश्न विचारणाऱ्याला मी हसत नाही. त्याला हवंय ते बरोबरच आहे : पुष्कळ गोष्टी, आणि प्रत्येकीची ओळख. ब्रह्मगुप्तापासून हेच सगळ्यांना हवं होतं. फक्त त्याची सोय आता तयार आहे.

काकांचं सांगायचं राहिलं. डीबेसमध्ये अ‍ॅरे नव्हता, म्हणून मी तेव्हा क्रमांकांपुढे शून्य लावून दोन-दोन आकडी केले : प०१११ आणि प११०१. स्वल्पविरामाचं काम शून्याने केलं. वर्षभरात फॉक्सबेसवर गेलो, तिथे अ‍ॅरे होता, मग ती कसरतही संपली. पेढीने उरलेले १५० रुपये त्याच संध्याकाळी काकांना दिले. मी कागदावर सगळं मांडून त्यांना समजावलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे मशीनला मी आणि तो नवा पोरगा एकच वाटलो.’ मी म्हटलं, ‘मशीनला नाही काका, मला वाटलात.’